कत्तलखाना आणि शहराची वेस

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांना देश सोडून दोन-अडीच शतके झाली. त्या काळच्या गावगाड्यात बकरे कापण्याचे काम मुलाण्याचे असे. गाव त्याला नावाने ओळखे आणि सुगीला त्याच्या हक्काचे धान्य खळ्यावर मोजून देई. जनावर कोणाचे, धडधाकट की रोगट, हे लपत नसे.

शहरात ही ओळख तुटली. पॅरिसचे खाटीक दुकानामागेच जनावरे कापत आणि रक्त रस्त्यावर वाहत येई. नेपोलियनने १८१० मध्ये शहराच्या कडेला पाच सार्वजनिक कत्तलखाने बांधण्याचा हुकूम काढला. ते १८१८ मध्ये सुरू झाले. मुंबईत हे काम आर्थर क्रॉफर्ड यांनी केले. १८६५ मध्ये ते पालिकेचे आयुक्त झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत कत्तलखाना माहीमच्या खाडीपलीकडे, वांद्र्याला गेला. हेतू आरोग्याचा होता आणि तो योग्यच होता. पुढे वांद्रेच शहरात आले, तेव्हा १९७१ मध्ये कत्तलखाना देवनारला हलला. १९२७ पासून मुंबईचा कचराही तिथेच पडत होता. दृष्टीआड सृष्टी ही म्हण शहरांनी अशी अमलात आणली.

आड गेलेल्या गोष्टीवर नजर ठेवायची, तर कायदा लागतो. २००१ च्या केंद्रीय नियमांनुसार आलेल्या जनावराला २४ तास विश्रांती द्यावी लागते. गाभण जनावर कापता येत नाही. एका जनावरासमोर दुसऱ्याला मारता येत नाही. पशुवैद्याने तासाला १२ आणि दिवसाला ९६ यांहून अधिक जनावरे तपासू नयेत, असेही बंधन आहे. म्हणजे एका जनावराला पाच मिनिटे. आता हिशोब आपणच करा : दिवसाला हजार जनावरे कापायची, तर अकरा पशुवैद्य हवेत. तेवढे नसतील, तर एकतर तपासणी घाईची होते किंवा शिक्का नुसता नावाला उरतो. हीच गोष्ट सांडपाण्याची आणि ओल्या, निसरड्या फरशीवर दिवसभर सुरी चालवणाऱ्या माणसांची. पाहणारे कोणी नसले, की नियम कागदावर राहतो.

“आमच्या घरी मांस शिजत नाही,” असे आपल्यातील काही जण म्हणतील. पण घरी दूध येते, आणि आटलेली म्हैस बहुधा कत्तलखान्यातच जाते. ग्वाल्हेर-इंदूरच्या मैफलीत ज्या तबल्याला आपण दाद देतो, त्याची पुडीही बकऱ्याच्या कातड्याची असते. मांस खावे की खाऊ नये, हा वाद इथे मांडायचा नाही. आपल्या शहराचा कत्तलखाना कुठे आहे, तिथे पशुवैद्य किती आहेत आणि पाणी कोणत्या ओढ्याला मिळते, एवढे तरी आपण पालिकेला विचारावे. गावातल्या माणसाला हे न विचारता ठाऊक असे.