टिपण हरवले, शेत जागेवर आहे

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही म्हसवडला गेलो होतो. जेवणाच्या सुट्टीत इतिहास शिकवणाऱ्या एक बाई सोळा जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन आमच्याकडे आल्या. त्यांच्या वर्गातल्या मुलांनी आसपासच्या वाड्यावस्त्यांवर फिरून म्हाताऱ्या माणसांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल बोलते केले होते. खडी फोडण्याची कामे, सुकडी, मिलोच्या भाकरी हे सारे त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केलेले. बोलणाऱ्यांपैकी दोघेजण तोवर वारले होते. दुसरी प्रत नव्हती. कोणी तरी दुसरी डिस्क तयार करताना चुकून या पेनड्राइव्हवरचा विभाग, म्हणजे पार्टिशन, काढून टाकला होता. आता संगणकावर सगळी जागा ‘वाटप न झालेली’ अशी दिसत होती. नवा विभाग करून फॉरमॅट करा, असा सल्लाही बाईंना मिळाला होता. त्यांनी तो मानला नाही, हे फार चांगले केले.

पुसले गेले होते ते नेमके काय? फक्त सोळा बाइट. हे कळण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

१९८१ साली आयबीएमचा पहिला वैयक्तिक संगणक आला, तेव्हा त्यात हार्डडिस्क नव्हती. फ्लॉपी एवढी लहान की तिची वाटणी करण्याचा प्रश्नच नव्हता. मार्च १९८३ मध्ये आयबीएमने ‘एक्सटी’ हे यंत्र आणले. त्यात दहा एमबीची डिस्क होती आणि सोबत डॉसची दुसरी आवृत्ती. एवढ्या ‘मोठ्या’ डिस्कवर दोन-तीन वेगवेगळ्या कार्यप्रणाली शेजारी शेजारी नांदाव्यात म्हणून तिचे चारपर्यंत विभाग पाडण्याची सोय केली गेली. या वाटणीचा तक्ता डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये ठेवला. सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या आज्ञावलीसाठी, शेवटचे दोन ओळखीच्या खुणेसाठी. मधे उरले ६४, म्हणजे प्रत्येक विभागाला सोळा. त्या सोळांतल्या शेवटच्या आठांत खरा ऐवज असतो : विभाग कितव्या सेक्टरपासून सुरू होतो आणि किती सेक्टर लांब आहे.

म्हणजे हा तक्ता शेत नव्हे, शेताचे टिपण आहे. आपल्याकडे १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची मोजणी सुरू केली आणि १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाल्यावर ती पद्धत इकडेही आली. ३३ फुटांची साखळी, एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. मोजलेले कागदावर आणि हद्दीचे दगड जमिनीत. कागद फाटला तर शेत नाहीसे होत नाही. मोजणीदार दगड शोधतो, साखळी टाकतो आणि टिपण पुन्हा तयार करतो. उलट कागद बदलला म्हणून जमीनही हलत नाही. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. म्हसवडजवळच्या राजेवाडी तलावातले पाणी होते तिथेच राहिले.

पेनड्राइव्ह २००० साली बाजारात आला, सिंगापूरच्या ट्रेक आणि इस्राएलच्या एम-सिस्टिम्स या कंपन्यांकडून. क्षमता अवघी आठ एमबी. (ज्या यूएसबी खाचेत तो बसतो, तिच्या जन्मात बडोद्यात शिकलेले अजय भट्ट यांचा मोठा वाटा.) आत फिरती तबकडी नाही, सगळे अर्धवाहक. पण वाटणीचा तक्ता मात्र १९८३ चाच! आणि त्याची एकच प्रत. आम्हाला हे नेहमी खटकते. फायलींचा ठावठिकाणा सांगणारी ‘फॅट’ ही यादी डॉसने दोन प्रतींत ठेवली, मग विभागांची का नाही? इंटेलने पुढे सुचवलेल्या जीपीटी पद्धतीत डिस्कच्या सुरुवातीला आणि अखेरीला अशा दोन प्रती असतात. पण बाजारातले बहुतेक पेनड्राइव्ह अजून जुन्याच तक्त्यावर चालतात.

सुदैवाने दगड शिल्लक असतात. प्रत्येक विभागाच्या पहिल्या सेक्टरमध्ये त्याची स्वतःची माहिती लिहिलेली असते. फॅट-३२ पद्धतीत तिथे ‘फॅट-३२’ ही रोमन अक्षरे आढळतात, विभाग आरंभापासून किती सेक्टर दूर आहे ते आढळते आणि त्याची लांबीही. शिवाय सहा सेक्टर पुढे याची जादा प्रत असते. हरवलेल्या नोंदीतले सगळे इथे पुन्हा मिळते.

आम्ही प्रथम पेनड्राइव्हची सेक्टरशः नक्कल एका मोठ्या डिस्कवर फाइल म्हणून उतरवून घेतली. पाव तास लागला. पुढचे काम नकलेवर. मुळाला हात नाही. सोळा जीबी म्हणजे तीन कोटींहून अधिक सेक्टर. ते हाताने चाळणे अशक्य, म्हणून क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रॅमरने लिहिलेला ‘टेस्टडिस्क’ हा मोफत प्रोग्रॅम चालवला. त्याला दगड सापडले, पण दोन! एक २०४८ व्या सेक्टरवर, दुसरा ८०६४ व्या. बाईंचा चेहरा उतरला. पेनड्राइव्ह पूर्वी कधी तरी वेगळ्या प्रकारे विभागला गेला असणार आणि जुन्या मोजणीचा दगड तसाच राहिलेला. अशा वेळी दोन्ही हद्दी गृहीत धरून आतल्या फायलींची यादी वाचून पाहायची. पहिल्या हद्दीने नुसती अगम्य अक्षरे आली. दुसरीने मुलांची नावे दिलेल्या फायली ओळीने उभ्या राहिल्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. विभाग काढून टाकणे आणि फॉरमॅट करणे यांत फार अंतर आहे. झटपट फॉरमॅटमध्ये फॅटची यादी आणि मूळ निर्देशिका कोरी होते. मजकूर जागेवर, पण कोणता तुकडा कोणत्या फाइलचा हे सांगणारे कोणी उरत नाही. आणि २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्ये लिहितो, म्हणजे शेतच नांगरून निघते. मग कोणताही मोजणीदार आणा. पेनड्राइव्हवर नवी फाइल लिहिणेही धोक्याचे, कारण ती नेमकी कोणत्या जागेवर बसेल ते आपल्या हाती नसते.

नकलेवर सगळे जुळल्यावर मूळ पेनड्राइव्हच्या तक्त्यात ती सोळा बाइटची नोंद पुन्हा लिहिली. काढून परत लावला. बाईंनी पहिली फाइल उघडली. एका आजींचा आवाज आला, मागे कोंबडा आरवत होता. जेवणाची सुट्टी केव्हाच संपली होती. दुपारच्या सत्रातली निम्मी मंडळी आमच्याभोवती गोळा झाली होती आणि बाई दुसरा पेनड्राइव्ह कोणाकडे आहे का, हे विचारत होत्या.