आरोपपत्राविना बंदिवान

म्हापशाचे नामवंत शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे यांना १७ फेब्रुवारी १९५४ रोजी याच शहरात एका मेजवानीचे आमंत्रण होते. गोवा म्हणजे पोर्तुगालच, अशा अर्थाचे उद्गार एका वक्त्याने काढले. डॉक्टरांनी तिथल्या तिथे आपला निषेध जाहीर केला. भाषण नाही, पत्रक नाही, फक्त निषेधाचे दोन शब्द. त्या दोन शब्दांसाठी त्यांना अटक झाली आणि थेट लिस्बनला नेऊन तुरुंगात टाकण्यात आले. ते ज्यांच्यावर उपचार करत होते ते रोगी म्हापशात राहिले आणि डॉक्टर सातासमुद्रापलीकडे गेले. पुढे गोवा मुक्त झाल्यावर १९६२ मध्ये हेच डॉक्टर लोकसभेवर नियुक्त झाले.

ही हकीकत आपल्या ज्येष्ठांना ठाऊक आहे. तिच्याकडे आपण स्वातंत्र्यलढ्यातला एक प्रसंग म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. पण तिला आणखी एक बाजू आहे. आधी माणूस उचलायचा आणि त्याचा गुन्हा काय, पुरावा काय, हे नंतर पाहायचे, ही राज्यकर्त्यांची फार जुनी रीत आहे. दहशतवादाच्या संशयावरून माणसाला खटल्याविना किंवा खटल्याची वाट पाहत वर्षानुवर्षे कोंडून ठेवावे का, यावर आज जगभर वाद चालतो. तो वाद दूरच्या देशांचा वाटतो. प्रत्यक्षात आपण मराठी माणसे त्यातून एकदा नव्हे, अनेकदा गेलो आहोत.

सुरुवात पुण्यापासून करू. २२ जून १८९७ च्या रात्री प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. मारेकरी सापडत नव्हते आणि सरकारवर दडपण होते. अशा वेळी बाळासाहेब आणि तात्यासाहेब हे नातूबंधू पकडले गेले. त्यांच्यावर खटला भरला नाही, कारण भरण्याजोगा पुरावाच नव्हता. त्यासाठी वापरला तो मुंबई सरकारचा १८२७ चा पंचविसावा रेग्युलेशन. तो लिहिला गेला तेव्हा पेशवाई बुडून दहा वर्षेही झाली नव्हती. राज्याच्या सुरक्षिततेसाठी कोणालाही आरोपाविना स्थानबद्ध करण्याची मुभा त्यात होती. त्याच सुमारास लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. टिळकांना निदान आरोप कळला, वकील मिळाला, सुटकेची तारीख ठाऊक होती. नातूबंधूंना यांतले काहीच नव्हते. पुढे चापेकर पकडले गेले, फाशी गेले, तरी नातूंवर आरोप ठेवला गेला नाही. १८९७ च्या अमरावती काँग्रेसमध्ये या स्थानबद्धतेविरुद्ध आवाज उठला. ज्या पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव नुकताच बाळसे धरत होता, त्याच पुण्यातली ही गोष्ट आहे.

आता गोव्याकडे वळू. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी सभा घेतली आणि नागरी हक्कांचा लढा पेटला. त्यानंतर त्रिस्ताव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे अशा पुढाऱ्यांना धरून लांबलचक शिक्षा झाल्या आणि त्यांची रवानगी पोर्तुगालला झाली. कुन्हांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षे दिली आणि पेनिशच्या समुद्रकाठच्या किल्ल्यात ठेवले. कुन्हा काही सैनिक नव्हते. एका नागरिकाचा, सभेत बोलणाऱ्या माणसाचा निवाडा लष्करी अधिकाऱ्यांपुढे झाला.

सालाझारच्या राजवटीत पोर्तुगालचा कायदा कसा होता, हे थोडे पाहण्यासारखे आहे. 'पीद' हे त्यांचे राजकीय पोलीसदल १९४५ मध्ये उभे राहिले. संशयिताला आरोपाविना तीन महिने ठेवण्याचा त्याला अधिकार होता. मंत्र्याच्या संमतीने त्यात दोनदा पंचेचाळीस दिवसांची भर घालता येत असे. म्हणजे एकूण सहा महिने. या मुदतीत न्यायाधीश कुठेच नव्हता. कैदी पोलिसाच्या ताब्यात आणि मुदतवाढही पोलीसखाते चालवणाऱ्या मंत्र्याच्याच हातात. १९५६ मध्ये याच्या पुढचे पाऊल पडले. शिक्षा भोगून संपली तरी राजकीय कैदी अजून 'धोकादायक' आहे असे ठरवून त्याला सहा महिने ते तीन वर्षे आणखी ठेवता येऊ लागले, आणि ती मुदत पुन्हा तीन-तीन वर्षांनी वाढवता येऊ लागली. केलेल्या कृत्याची शिक्षा कधीतरी संपते. पुढे काय करशील या भीतीपोटी दिलेल्या कैदेला शेवट कसा असणार?

कागदावरच्या या तरतुदींमागे कोठडी होती, आणि कोठडीत काय चालते ते बार्देशकरांना वेगळे सांगायला नको. म्हापशाहून डिचोलीकडे जाताना अस्नोडा लागते. तिथला बाळा राया मापारी हा आझाद गोमंतक दलाचा तरुण १९५५ मध्ये पकडला गेला. १५ फेब्रुवारीला पोलिसांच्या छळाने कोठडीतच त्याचा अंत झाला. वय अवघे सव्वीस. गोवा मुक्तिलढ्यातला पहिला हुतात्मा म्हणून आपण त्याला वंदन करतो. त्याच्यावर आरोपपत्र ठेवले गेले नाही, कुणा न्यायाधीशाने त्याला विचारले नाही की तुझे म्हणणे काय. छळासाठी त्या काळी कुप्रसिद्ध झालेला पोलीस अधिकारी कासिमिरो मोंतेरो पुढे पोर्तुगालमध्ये 'पीद'च्या कामाला लागला आणि १९६५ मध्ये सालाझारचे विरोधक जनरल देल्गादो यांच्या खुनात त्याचे नाव आले. वसाहतीत मोकळे सोडलेले हात मायदेशातल्या माणसांपर्यंतही पोचले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुधाताई जोशी यांना आपल्या म्हापशात अटक झाली. भारतीय संस्कृतिकोशाचे संपादक महादेवशास्त्री जोशी यांच्या त्या पत्नी. नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाच्या अध्यक्षपदी त्या उभ्या राहिल्या आणि दीर्घ कारावास पत्करला. मे महिन्यात नानासाहेब गोरे आले, जुलैमध्ये मधु लिमये. १५ ऑगस्टला पेडण्यात पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. गोऱ्यांना लष्करी न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली, लिमयांना बारा वर्षांची. हा निवाडा न्याय्य होता असे कोण म्हणेल? तरीही कैद्याला एक आकडा मिळाला, जगाला एक कागद मिळाला. त्या कागदावर बोट ठेवून दिल्लीत, मुंबईत प्रश्न विचारता आले. फेब्रुवारी १९५७ मध्ये हे सत्याग्रही सुटले.

ही सगळी माणसे निःशस्त्र होती, म्हणून त्यांची बाजू घेणे सोपे आहे, असे कुणी म्हणेल. मग मोहन रानडे यांचे उदाहरण घेऊ. मूळचे सांगलीकडचे, मराठी शिक्षक म्हणून सावईवेऱ्यात आलेले रानडे आझाद गोमंतक दलाचे सशस्त्र सैनिक होते. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. पोलीस चौकीवर सशस्त्र हल्ला हे कृत्य आजच्या कुठल्याही देशाच्या दहशतवादविरोधी कायद्यात नेमके बसेल. पोर्तुगीजांनी त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा दिली, काही वर्षे एकांतकोठडीत ठेवले आणि मग लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात नेले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, आग्वादचे दरवाजे उघडले, पण रानडे आतच. ज्या सत्तेविरुद्ध ते लढले ती गोव्यातून गेली, तरी तिचा कैदी आणखी सात वर्षे कैदीच राहिला. सुधीर फडके यांच्यासारख्यांनी त्यांच्या सुटकेचा ध्यास घेतला, आणि जानेवारी १९६९ मध्ये ते बाहेर आले.

येथपर्यंतचा इतिहास सांगताना आपली छाती भरून येते, कारण कैदी आपले होते आणि तुरुंग परक्यांचे. पुढचे पान जड जाते.

आपल्या संविधानात बावीसाव्या कलमाने प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागा ठेवली. १९५० मध्ये प्रजासत्ताक आले आणि त्याच वर्षी प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदाही आला. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, काळ कठीण होता, हे मान्य. पण अपवाद म्हणून आलेली सोय राहून गेली. १९७१ मध्ये 'मिसा' आला आणि आणीबाणीत हजारो माणसे त्याखाली आत गेली. त्यांत मधु लिमये होते. जुलै १९७५ ते फेब्रुवारी १९७७ एवढा काळ ते मध्य प्रदेशातल्या तुरुंगांत स्थानबद्ध राहिले. हिशेब करून पाहा. सालाझारच्या कैदेत सुमारे एकोणीस महिने, आणि स्वतंत्र भारताच्या कैदेतही सुमारे एकोणीस महिने. फरक इतकाच की परक्यांनी निदान खटल्याचा देखावा केला होता, आपल्यांनी तेवढाही केला नाही.

स्थानबद्धांनी उच्च न्यायालयांकडे धाव घेतली. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी त्यांचे ऐकून घेण्याची तयारी दाखवली. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितले की आणीबाणीत अशा बंदिवानाला न्यायालयाचे दार ठोठावताच येत नाही. ते एकमेव विरोधी मत न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचे. त्यांना ज्येष्ठता असूनही सरन्यायाधीशपद मिळाले नाही. बहुमतात आपले न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड होते. एकेचाळीस वर्षांनी, २०१७ मध्ये, त्यांच्याच चिरंजीवांनी, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, तो निर्णय गंभीर चुकीचा होता असे निकालपत्रात लिहिले.

आणीबाणीनंतर १९७८ मध्ये चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. आणीबाणीतही जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क गोठवता येणार नाही, अशी तजवीज झाली. सल्लागार मंडळापुढे न नेता माणसाला तीन महिने ठेवता येते, ती मुदत दोन महिन्यांवर आणण्याचेही त्याच दुरुस्तीत ठरले होते. संसदेने ते मंजूर केले, पण तो भाग अंमलात आणण्याची अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. निरनिराळ्या पक्षांची सरकारे आली आणि गेली, या एका बाबतीत सगळ्यांचे एकमत दिसते.

दहशतवाद खोटा नाही. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या लोकलमध्ये झालेले स्फोट आणि २६ नोव्हेंबर २००८ ची ती रात्र आपल्यापैकी अनेकांच्या नातलगांनी प्रत्यक्ष अनुभवली आहे. अशा गुन्ह्यांच्या तपासाला वेळ लागतो आणि पोलिसांना अधिकार हवेत, हेही खरे. आजच्या 'यूएपीए' कायद्यात आरोपपत्राविना कैदेची मुदत एकशेऐंशी दिवसांपर्यंत वाढवता येते. 'पीद'चे सहा महिने आठवावेत, पण मोठा फरकही ध्यानात ठेवावा. आपल्याकडे ही वाढ मंत्री नव्हे, न्यायालय देते. तो फरक फार मोलाचा आहे. मात्र त्यापुढे जामीन मिळणे अतिशय अवघड आहे आणि खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात. निकाल लागण्याआधीच निम्मे आयुष्य सरले, तर निर्दोष ठरण्याला काय अर्थ उरतो?

मालेगावचे उदाहरण पाहा. २००६ च्या स्फोटांनंतर नऊ जण आरोपी झाले. पुढे तपासाची दिशाच बदलली. २०११ मध्ये बहुतेकांना जामीन मिळाला, आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर एक जण हयातही नव्हता. यात अन्याय केवळ त्या नऊ घरांवर झाला असे नाही. ज्यांची माणसे स्फोटात गेली त्यांनाही दहा वर्षे चुकीच्या चेहऱ्याकडे बोट दाखवून समजावले गेले. भलताच माणूस आत असतो, तेव्हा खरा गुन्हेगार बाहेर असतो.

बाहेरच्या जगाचा अनुभवही हाच आहे. अमेरिकेने जानेवारी २००२ पासून ग्वांतानामोच्या तळावर सुमारे सातशेऐंशी जणांना ठेवले. त्यांतल्या बहुतेकांवर कधीच आरोप ठेवला गेला नाही. ब्रिटनने २००१ मध्ये परदेशी संशयितांना बेमुदत डांबण्याचा कायदा केला. डिसेंबर २००४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, लॉर्डांच्या सभेने, आठ विरुद्ध एक मतांनी तो मानवी हक्कांशी विसंगत ठरवला आणि पुढच्याच वर्षी सरकारला ती तरतूद सोडावी लागली. म्हणजे मागे फिरता येते. भीतीच्या काळात केलेला कायदा भीती ओसरल्यावर पुन्हा तपासता येतो.

म्हणून या इतिहासातून मागणे एवढेच निघते. संशयिताला धरा, पण आरोप सांगा. तुरुंगाधिकाऱ्याहून वेगळ्या, स्वतंत्र न्यायाधीशासमोर न्या. आणि कैदेला शेवटची तारीख असू द्या. यात गुन्हेगाराला माफी नाही. पुरावा असेल तर कडक शिक्षेच्या आड यांतले काहीच येत नाही. हे हक्क निरपराध म्हणून सर्वमान्य असलेल्या माणसाला लागतच नाहीत. ते लागतात ज्याच्याविषयी सगळ्यांची खात्री पटलेली असते त्याला. १८९७ मध्ये सरकारची नातूंविषयी खात्री पटली होती, १९५५ मध्ये मापारीविषयी.

आग्वादचा जुना तुरुंग २०१५ मध्ये बंद झाला आणि १९ डिसेंबर २०२१ पासून तिथे संग्रहालय आहे. यंदा चतुर्थीला मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना, मुलानातवंडांना तिथे जरूर न्यावे. कोठड्या दाखवताना आत कोण होते हे तर सांगालच. त्यांच्यावर आरोप काय होता, तो कुणासमोर सिद्ध झाला, आणि किती दिवसांनी, हेही सांगावे. मुले विचारतील की आता असे होत नाही ना. त्याचे उत्तर देताना जरा थांबावे लागेल.