परभणीचे ‘मोठे शहर’: हैदराबादची पुस्तके आणि इराणी चहा

१/ पुस्तकांसाठी प्रवासाला निघालेला परभणीचा तरुण आज पुण्याचा अप्पा बळवंत चौक गाठतो. त्याच्या पणजोबांची गाडी मात्र उलट दिशेला, हैदराबादकडे जात असे. ही दिशा का बदलली, याचा हा इतिहास.

२/ १९५६ पर्यंत परभणी हा हैदराबाद राज्यातील जिल्हा होता. १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज लोहमार्ग सुरू झाला आणि राजधानी थेट जोडली गेली. मुंबईला जायचे तर मनमाडला उतरून ब्रॉडगेजची गाडी धरावी लागे. उच्च न्यायालय, सरकारी खाती आणि विद्यापीठ, सारे हैदराबादेतच होते.

३/ पण त्या राजधानीत मराठीला राजाश्रय नव्हता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी शाळा, मराठी वृत्तपत्र, मराठी ग्रंथालय हे सारे लोकांनाच उभे करावे लागले.

४/ या कामात अग्रभागी होते केशवराव कोरटकर. त्यांचा जन्म तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील पुरजळचा (आता हिंगोली जिल्हा). हैदराबादेत नामांकित वकील झालेल्या केशवरावांनी वामन नाईक यांच्यासह ‘विवेकवर्धिनी’ शाळा उभारली. १९२० साली ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिकही तेथेच सुरू झाले.

५/ या हालचालींचे एक मोठे केंद्र आजचा सुलतान बाजार होता. कारण उघड होते. १९३३ पर्यंत हा भाग ‘रेसिडेन्सी बाजार’ म्हणून ब्रिटिश रेसिडेंटच्या अखत्यारीत होता. निजामी निर्बंधांचा हात तिथे सहजी पोहोचत नसे.

६/ बाहेर मात्र ‘गश्ती निशाण ५३’ लागू होते. या फर्मानानुसार सार्वजनिक सभेसाठी सरकारी परवानगी आवश्यक होती. जिथे सभा घेणे अवघड, तिथे ग्रंथालयातील वाचन आणि चार मित्रांतील चर्चा यांना वेगळेच मोल येते.

७/ अशा चर्चेला टेबल मिळाले ते इराणी हॉटेलांत. यझ्द, केरमान भागांतून मुंबई-पुण्यात आलेले इराणी व्यावसायिक पुढे हैदराबादेतही स्थिरावले. मंद आचेवर मुरलेला अर्क आणि आटवलेले दूध यांचा तो दाट चहा. एका कपावर कितीही वेळ बसावे, ही या हॉटेलांची रीत.

८/ पुस्तके आणि चहा यांची खरी गाठ पडे ती आबिद रोडवर. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या सेवेतील आल्बर्ट आबिद यांच्या दुकानावरून या भागाला हे नाव मिळाले. येथील ‘ओरिएंट हॉटेल’ हा कवी, चित्रकार, पत्रकार यांचा अड्डा होता. तेलंगण लढ्यातील नेते आणि उर्दू कवी मखदूम मोहिउद्दीन तेथे नित्य बसत.

९/ या बहुभाषिक शहराने परभणीला काय दिले? बी. रघुनाथ यांचे साहित्य हे एक उत्तर. सातोना येथे १९१३ साली जन्मलेले रघुनाथ हैदराबादेत शिकले आणि १९३२ साली मॅट्रिक झाले. पुढे परभणीला बांधकाम खात्यात नोकरी करीत त्यांनी कविता, कथा, कादंबरी लिहिली. त्यांच्या मराठीत उर्दूची लय सहज मिसळलेली आढळते.

१०/ मग नकाशा बदलला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. १९५८ साली औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. मराठी ही शिक्षणाची आणि कारभाराची भाषा होणे, हा शतकभराचा न्याय्य हिशेब होता. पण त्याच वेळी उर्दू, तेलुगू आणि कन्नड यांच्या शेजारी बसून वाचण्याची जुनी सवय हळूहळू मोडली.

११/ ‘ओरिएंट’ आज उरलेले नाही. आबिद रोडवर मात्र रविवारी बंद दुकानांसमोरच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार अजूनही भरतो. परभणीहून हैदराबादला थेट गाडी आजही आहे. मराठवाड्याचा इतिहास वाचणाऱ्याने एकदा तरी तिच्यात बसावे आणि रविवार गाठावा.