मानेत दबलेली नस: चार रुग्ण ते ५६१ रुग्ण

मानेतून हातात कळ जाते, बोटांना मुंग्या येतात आणि आपण म्हणतो, 'नस दबली'. खरं तर दबतं ते मानेच्या मणक्यांमधून हाताकडे निघणाऱ्या मज्जातंतूचं मूळ. पण त्याला दाबतं कोण? याचं उत्तर मिळायला बराच वेळ लागला.

१९२८ साली अमेरिकन शल्यविशारद बायरन स्टुकी यांनी मानेत मज्जारज्जूवर दाब आणणाऱ्या 'कॉन्ड्रोमा'चं, म्हणजे कूर्चेच्या गाठींचं वर्णन केलं. पुढे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी अशा गाठी म्हणून जपून ठेवलेले जुने नमुने पुन्हा तपासले. त्यातल्या बऱ्याच गाठी नव्हत्याच. ती मणक्यांमधली फुटून बाहेर आलेली गादी होती! त्यांचा लेख १९३४ मध्ये छापून आला. नमुने तेच, प्रश्न नवा.

१९४३ मध्ये सेम्स आणि मर्फी यांनी फक्त चार रुग्णांची माहिती दिली. गादी फुटून मानेतल्या सातव्या मुळावर दाब आलेला, पण लक्षणं हृदयविकारासारखी. आता तुम्ही म्हणाल, चारच रुग्ण? पण दावा एवढाच होता की 'असंही होऊ शकतं'. त्याला चार पुरतात.

१९५८ च्या सुमारास स्मिथ-रॉबिन्सन आणि क्लोवर्ड यांनी मानेच्या पुढच्या बाजूने गादी काढायची पद्धत मांडली. मग खरा प्रश्न आला: शस्त्रक्रिया किती जणांना लागते? हे फक्त सर्जनकडे पोचलेल्या रुग्णांवरून सांगता येत नाही, कारण जे आपोआप बरे झाले ते तिथे जातच नाहीत.

म्हणून राधाकृष्णन आणि सहकाऱ्यांचा १९९४ चा अभ्यास वाचाच. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरातल्या रहिवाशांच्या नोंदींतून त्यांनी १९७६ ते १९९० या काळातले ५६१ रुग्ण शोधले. शस्त्रक्रिया झाली २६ टक्क्यांची. शेवटच्या नोंदीपर्यंत ९० टक्के लोकांना त्रास नव्हता किंवा अगदी किरकोळ होता.

पण घाई नको. या ९० टक्क्यांत शस्त्रक्रिया झालेलेही आहेत, त्यामुळे 'शस्त्रक्रिया निरुपयोगी' असा अर्थ निघत नाही. हातातली ताकद कमी होत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर थांबून चालत नाही. निष्कर्ष एवढाच, की बहुतेकांचं पुढे बरं होतं. घाबरलेल्या रुग्णाला हे सांगता येणं काही थोडं नाही.