दुसऱ्या गटातली मुलं काय करत होती?

"लक्ष कुठंय तुझं?" हे वर्गात कधीच ऐकलं नाही असं मूल विरळाच. पण एडीएचडी असलेल्या, मेंदूला मार लागलेल्या किंवा मेंदूतल्या गाठीवर उपचार झालेल्या मुलांसाठी ते रोजचंच असतं. अशा मुलांच्या पालकांना कुणीतरी सांगतं, "संगणकावर लक्ष वाढवायचे खेळ असतात, करून बघा." फायदा होतो का? याचं उत्तर शोधायचं, तर या खेळांचा इतिहास जरा उलट्या बाजूने वाचावा लागतो. म्हणजे ज्यांना खरा खेळ दिलाच नव्हता, त्या मुलांच्या बाजूने.

सुरुवात खेळाने नाही, मोजण्याने झाली. 1956 मध्ये अमेरिकेत रोसव्होल्ड आणि सहकाऱ्यांनी मेंदूची इजा ओळखण्यासाठी एक कंटाळवाणी कसोटी तयार केली. समोर एकामागून एक अक्षरं येतात, ठरलेलं अक्षर दिसलं की बटण दाबायचं. बस्स. मेंदूला इजा झालेल्यांच्या यात चुका जास्त होत. ही कसोटी लक्षात ठेवा, शेवटी ती परत येणार आहे.

लक्ष मोजता येतं, तर ते सरावाने सुधारेल का? 1987 मध्ये सोलबर्ग आणि मेटीर यांनी मेंदूला इजा झालेल्या चार रुग्णांवर टप्प्याटप्प्याने अवघड होणारा सराव करून पाहिला. पण मुलांच्या बाबतीत खरी खळबळ उडाली ती स्टॉकहोममध्ये. 2002 मध्ये कॅरोलिन्स्का संस्थेतल्या टॉर्केल क्लिंगबर्ग यांनी एडीएचडीच्या 14 मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सात मुलांना असा खेळ दिला, जो मूल जमवेल तसा अवघड होत जाई. उरलेल्या सात मुलांना तोच खेळ, पण सोपाच राहणारा आणि रोज थोडाच वेळ. पहिला गट पुढे गेला.

आता तुम्हीच विचार करा. मूल महिनाभरात थोडं मोठं होतं, कसोटीला सरावतं, घरचं माणूस रोज शेजारी बसून "शाब्बास" म्हणतं. या सगळ्यानेही फरक पडतो. मग खेळाचा वाटा किती, हे कळायला दुसऱ्या गटालाही तितकाच वेळ आणि तितकंच कौतुक मिळायला हवं.

2005 मध्ये 53 मुलांवर मोठा प्रयोग झाला. पालक म्हणाले, मुलाची लक्षणं कमी झाली. शिक्षकांच्या नोंदींत मात्र तसा ठोस फरक दिसला नाही. तरी 'कॉगमेड' या नावाने हा कार्यक्रम जगभर गेला: पाच आठवडे, 25 सत्रं.

2013 मध्ये एडमंड सोनुगा-बार्क आणि सहकाऱ्यांनी औषधांखेरीजच्या उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासले. मुलाला कोणता उपचार मिळतोय हे माहीत असलेल्यांना सुधारणा दिसत होती. ज्यांना बहुधा ते माहीत नव्हतं, त्यांच्या नोंदींत हा फायदा बराचसा विरघळून गेला. पुढच्याच वर्षी अनिल चॅको यांनी 85 मुलांवर कॉगमेड तपासलं, दुसऱ्या गटाची उणीव भरून काढून. मुलांची गोष्टी ध्यानात धरून ठेवण्याची क्षमता वाढली. एडीएचडीच्या लक्षणांत मात्र दोन्ही गट सारखेच.

कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलांचं चित्र जास्त आशादायक आहे. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात 68 मुलांवर अभ्यास झाला (2015), आणि सराव केलेल्यांची कार्यरत स्मृती, लक्ष सुधारलं. पण इथेही तोच प्रश्न विचारा. दुसऱ्या गटातली मुलं फक्त आपल्या पाळीची वाट बघत होती.

जून 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी 'एंडेव्हरआरएक्स' या व्हिडिओ गेमला 8 ते 12 वर्षांच्या एडीएचडी असलेल्या मुलांसाठी परवानगी दिली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारा खेळ! त्यामागच्या मुख्य प्रयोगात 348 मुलं होती आणि दुसऱ्या गटाला शब्दांचा खेळ दिला होता. खऱ्या खेळाने लक्षाच्या संगणकी कसोटीत जास्त सुधारणा झाली. ती कसोटी म्हणजे 1956 च्या त्या बटणाच्या कसोटीचीच वंशज. आणि पालकांनी नोंदवलेली लक्षणं? दोन्ही गटांत कमी झाली, जवळपास सारखीच.

म्हणजे हे खेळ निरुपयोगी आहेत का? नाही. ज्याचा सराव, ते आणि त्याच्या जवळपासचं सुधारतं, हे वारंवार दिसलंय. गणिताच्या तासाला लक्ष लागेल, गृहपाठ पूर्ण होईल, हा पुढचा पल्ला मात्र अजून नीट सिद्ध झालेला नाही. परवानगी देतानाही नियामकांनी हा खेळ थेरपी, औषधं, शैक्षणिक मदत अशा एकूण उपचारांचा एक भाग म्हणूनच धरला होता.

म्हणून कुणी तुमच्यासमोर महागडा कार्यक्रम ठेवला, तर तीन गोष्टी विचारा. दुसऱ्या गटाला काय दिलं होतं? सुधारणा नोंदवणाऱ्याला कोणता गट कोणता हे माहीत होतं का? आणि मोजलं काय, खेळातले गुण की वर्गातलं वागणं? उत्तर नीट मिळालं नाही, तर पैसे भरायची घाई करू नका. आणि चालू असलेले उपचार तर खेळाच्या भरवशावर मुळीच थांबवू नका.