पेवाचं तोंड

आमच्या न्हाणीपुढं एक रुंद, सपाट दगड पडलाय. सुना त्याच्यावर धुणं आपटतात. एका कडेला त्याला हात घालण्यापुरती खाच आहे. नातवानं एकदा विचारलं, ही खाच कशाला? तेव्हा लक्षात आलं की आता घरात पेव पाहिलेला माणूस मी एकटाच उरलोय. तो दगड आमच्या पेवाचं झाकण होता.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली धान्याची कोठी. आता पेव भाषेतच तेवढं शिल्लक आहे. पतसंस्थांचं पेव फुटलं, पुढाऱ्यांचं पेव फुटलं, असं पेपरात छापून येतं. फुटायला आधी ते भरावं लागतं आणि भरायला खणावं लागतं, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही.

आमचं गाव मंगळवेढ्यापासून आठ-दहा मैलांवर. हा सगळा ज्वारीचा मुलूख. रब्बीला हस्ताचा पाऊस झाला की काळ्या रानात मालदांडी पेरायची आणि पुढं थंडीच्या दवावर ती वाढायची. एखादं साल असं पिकायचं की ठेवायला जागा नसायची, आणि मग दोन-तीन सालं आभाळ तोंड फिरवायचं. एका सालाचं पीक तीन सालं टिकवायचं, ही इथल्या संसाराची पहिली विद्या. तिची मोठी शाळा म्हणजे पेव आणि धाकटी शाळा बायकांचं वाळवण.

रान काळं आणि गावठाण पांढरं, म्हणून आमच्याकडं काळी आणि पांढरी असे शब्द आहेत. काळीत पेव टिकत नाही, ती पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पांढरीत किंवा घट्ट मुरमातच पेव काढायचं. वर तोंड लहान, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं. खाली रांजणासारखं पोट. आमचं पेव दोन पुरुष खोल होतं आणि त्यात तीस पोती मावायची. खणून झालं की आत कडबा, गोवऱ्या पेटवून भिंती भाजून काढायच्या, म्हणजे ओल मरते. मग तळाला आणि कडेनं कडब्याचा जाड थर. ज्वारी आधी खळ्यात ऊन दाखवून इतकी वाळवायची की दाताखाली कट्ट वाजली पाहिजे. एक ओलं पोतं आत गेलं तर सगळं पेव नासणार. भरून झालं की वर पुन्हा सरमाड, भुसकट, मग दगड, आणि दगडाच्या सांध्यांवर मातीचा लेप.

आत धान्य श्वास घेतं. असलेली हवा संपते आणि जड, विषारी हवा साठते. तिच्यात किडा जगत नाही, पोरकिडा नाही की सोंडा नाही. औषधाची गोळी नको की पावडर नको. पण त्याच हवेत माणूसही जगत नाही. पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं, मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही. हा नियम कुणी घाई करून मोडला की तो वर यायचा नाही, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही यायचा नाही. पेवात माणसं गेल्याच्या गोष्टी आमच्या भागात गावोगाव आहेत.

आता खरी गोष्ट. हे पेव ‘आमचं’, पण ते खणलं, भाजलं, लिंपलं ते आमच्यापैकी कुणी नाही. वेशीबाहेरच्या वस्तीतला एक माणूस ही कामं करायचा. पेव काढायचं असो की उघडायचं, आधी उतरायचा तो. अंबाडीचे दोर वळायचे त्यानं, शिंकी, मुसक्या, केरसुण्या त्याच्याच घरच्या. कंदील धरायचे आम्ही आणि कमरेला दोर बांधून खाली जायचा तो. माझ्या आज्ज्याच्या खालोखाल वयाचा माणूस, पण आम्ही पोरंसुद्धा त्याला अरेतुरे करायचो. हल्ली शहरात प्रदर्शनं भरतात, गावाकडच्या घरगुती वस्तू म्हणून शिंकी आणि दोर टांगलेले दिसतात. घरगुती खरंच, पण कुणाच्या घरातल्या?

धाकटी शाळा मात्र आमच्याच अंगणातली. होळी झाली की आई आणि चुलती दोघी मिळून वाळवणाला बसायच्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा आणि पहाटे चुलीवर घाटून सोऱ्यानं कुरडया. गरम चीक वाटीत घ्यायला आम्ही पोरं अंधारात उठून बसायचो. मटकीच्या भरड्याचे सांडगे बाजेवर. वाळकाच्या काचऱ्या, गवारीच्या शेंगा. आणि सगळ्यात महत्त्वाची हरभऱ्याची भाजी. कोवळा पाला खुडून सावलीत वाळवायचा आणि मडक्यात दाबून ठेवायचा. लसणाची फोडणी दिली की ऐन उन्हाळ्यात, रानात हिरवं पान नसताना, कोरड्यास व्हायचं. ज्वारीची भाकरी पातळ थापून, तव्यावरून उतरली की चुलीच्या कडेला उभी करून कडक करायची. ती महिनाभर काही होत नाही. सोलापुरात आता ती पाकिटात मिळते. आमच्याकडं ती वाटेवरच्या आणि वाईट दिवसांच्या माणसाची भाकरी होती.

ते वाईट दिवस मी बारा वर्षांचा असताना आले. ७२ सालचा दुष्काळ आमच्याकडं ७२ सालात सुरू झाला नाही. आधीची दोन सालंही उणीच गेली होती. ७२ ला पाऊस आलाच नाही. सरकारनं कामं काढली, खडी फोडायची, रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव. पुढं रोजगार हमीचा कायदा झाला १९७७ साली आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यामागं वि. स. पागे यांचं डोकं, हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण त्याचा पाया या खडीच्या ढिगांवर आहे. रेशनला अमेरिकेची मिलो आली, लाल, चिवट. कामावर पोरांना सुकडी मिळायची. ती मात्र गोड लागायची, खोटं कशाला बोलू?

माझी आई खडी फोडायला जायची. बागायतदार, पाटलांच्या घरच्या बायाही तोंडावर पदर ओढून जायच्या. पण आमची गोष्ट जरा वेगळी होती. आमचं पेव भरलेलं होतं. दुष्काळाच्या आधीच्या चांगल्या सुगीत आज्ज्यानं ते भरलं होतं आणि उघडायला तो तयार नव्हता. पुढचं साल कुणी पाहिलंय, हे त्याचं एकच म्हणणं. शिवाय घरची बाई कामावर गेली नाही तर गावाला संशय येणार, म्हणून आईनं जायचं. म्हणजे पायाखाली तीस पोती मालदांडी आणि आई मिलोच्या भाकरीवर दगड फोडतेय. कामावर तिच्या जोडीला पेव काढणाऱ्याची बायको होती. आईला हातोडा धरता यायचा नाही, बोटं चेचायची. तिनं शिकवलं. दुपारी आई फडक्यातली हरभऱ्याची भाजी तिला वरून सोडायची आणि ती ओंजळ पुढं करून घ्यायची. जेवायची जागा दोघींची वेगळी, पण गप्पा एक. हे आईनं मला फार उशिरा सांगितलं.

७३ च्या चैत्रात आज्ज्यानं पेव उघडलं. रात्री. कंदील दोनदा विझला, तिसऱ्यांदा राहिला. तो माणूस उतरला आणि पाट्या भरभरून वर देत राहिला. मधली ज्वारी मोत्यासारखी होती. भिंतीकडची काळी पडलेली, आंबूस वासाची. मधली काही घरात राहिली, काही भावकीला दिडीनं गेली, म्हणजे एक पोतं न्यायचं आणि सुगीला दीड आणून द्यायचं. बारा पोती रातोरात व्यापाऱ्याच्या गाडीत चढली. दर कधी नव्हे असे चढले होते. आणि खाली उतरलेल्याला मजुरी म्हणून दोन पाट्या काळी ज्वारी. मी कंदील धरून तिथंच उभा होतो. मला त्यात वावगं काही वाटलं नाही, हेही लिहून ठेवतो.

मंगळवेढ्यात दामाजीपंतांचं देऊळ आहे. बिदरच्या बादशहाचा हा कारभारी. दुष्काळात त्यानं सरकारी अंबारं लोकांना खुली केली. बादशहानं पकडायला माणसं धाडली, तेव्हा विठोबानं विठू महार होऊन बिदरला धान्याची रक्कम पोचती केली, अशी कथा आहे. आमच्या घरची माणसं या देवळात नेमानं जायची, आज्जाही जायचा. त्याच मंगळवेढ्यात चोखोबा गेले. गावकुसाचं काम चाललं होतं, कूस ढासळलं आणि त्याखाली मजुरांबरोबर तेही गाडले गेले, ही १३३८ सालची गोष्ट सांगतात. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या. कोठार उघडणाऱ्याचं गाव म्हणून आम्ही छाती फुगवून सांगतो. कूस बांधणाऱ्याचंही तेच गाव, हे सांगताना आवाज जरा खाली येतो. आणि दामाजीच्या कथेतही देवाला रक्कम घेऊन जायला रूप घ्यावं लागलं ते वेशीबाहेरच्या माणसाचंच.

दुष्काळ सरला, ७४ ची सुगी साधली, पेव पुन्हा भरलं. तेव्हा लेव्हीचे दिवस होते. जमिनीच्या हिशेबानं अमुक इतकी ज्वारी सरकारला सरकारी भावानं घालायची, आणि तो भाव बाजारापेक्षा कमी. जिल्ह्याबाहेर माल न्यायला बंदी. शेतकऱ्याच्या घामाला कमी मोल देऊन शहराचं रेशन स्वस्त ठेवायचं हे धोरण. पुढं शरद जोशींनी आम्हाला ते हिशेब मांडून दाखवलं तेव्हा मी त्यांच्या सभांना सायकलवर गेलोय. त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. पण त्या हिशेबात काळ्या ज्वारीच्या दोन पाट्या कुठं बसवायच्या, ते मला जमलेलं नाही.

आणीबाणी लागायच्या आधीच्या उन्हाळ्यात तलाठी पोलीस घेऊन आला तो सरळ गोठ्यात गेला. गव्हाणीखालची माती उकरायला लावली आणि बरोबर झाकणदगडावर पहार वाजली. आतली ज्वारी गेली, वर दंड झाला. आज्जा त्यानंतर वर्षभरच जगला.

गव्हाणीखाली पेव आहे हे घरच्याशिवाय कुणाला ठाऊक? वडील आणि चुलते नुकतेच ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन पॅनेलांत उभे राहिले होते. चुलते पडले होते. त्यामुळं घरभेदी कोण हे वडिलांना कुणी सांगायची गरज उरली नाही. त्या साली वाटणी झाली, अंगणात भिंत उठली. वाळवणाच्या बाजा दोन झाल्या. लग्नकार्यात एकमेकांचं पाणी नाही. वडील वारले तेव्हा चुलते स्मशानात लांब लिंबाखाली उभे होते. त्यानंतर चार वर्षांनी तेही गेले. गावच्या प्रत्येक निवडणुकीत दोन घरं दोन बाजूंना. आम्ही कुणाला मत देणार हे आधी त्यांनी कुणाला दिलंय ते बघून ठरायचं. विचार, पक्ष, झेंडा हे सगळं नंतर.

२०१३ च्या दुष्काळात जनावरं घेऊन मी चारा छावणीवर होतो. तिथं तो पेव काढणारा भेटला. ऐंशीच्या पुढचा, नातवाच्या गाईजवळ बसलेला. आता मी त्याला आबा म्हणत होतो. रात्री तंबाखू मळता मळता तो म्हणाला, “तुमचं प्याव म्याच दावलं व्हतं तलाठ्याला.”

मी काही बोललो नाही.

“पैशासाठी न्हाई. इनाम बी घेतलं न्हाई. ती काळी जुंधळं दळून खाल्ली आन् धाकटं पोरगं हगवणीनं गेलं. जुंधळ्यानंच गेलं का दुस्काळानं, द्येवाला म्हाईत. पर माज्या डोस्क्यातनं जाईना.”

तो वर्षाच्या आत वारला. पुष्कळ दिवस मी हे पोटात ठेवलं. मग एकदा भिंतीपलीकडं गेलो. चुलतभावाला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “म्हातारा खरंच बोलला कशावरनं?” आणि पुन्हा, “जाऊ दे आता. सोसायटीच्या निवडणुकीत तुझं प्यानेल येगळं, माझं येगळं. लोकं म्हणतील मतासाठी जुळवून घेतलं.”

आत चुलती बाजेवर पडून होती. कानानं पक्की, डोळ्यानं गेलेली. तिनं हाक मारून मला जवळ बसवलं.

“मला ठाव व्हतं,” ती म्हणाली. “तुझ्या आईला बी. त्याच्या बायकूनंच सांगितलं व्हतं आमाला दोघींला, त्याच सालाला.”

“मग बोलला का न्हाईत? भाऊ भावाला मुकला की.”

“बोलून काय? भाऊ निस्ता बोलायचा थांबला. त्याला तुमच्या लोकांनी जित्ता ठिवला असता का?”

मग मला कळलं की भिंत उठल्यावरही बरीच वर्षं आमच्या घरात कुरडया एवढ्या कुठून यायच्या. आईच्या हातच्या कुरडईला जाळी बारीक असायची आणि डब्यात काही जाडही निघायच्या. आम्ही कधी विचारलं नाही.

उठताना चुलतीनं विचारलं, यंदा हरभऱ्याची भाजी वाळवली का? म्हटलं, वाळवलीय. म्हणाली, मूठभर दे धाडून. आन् दारानं नको, भितीवरनंच दे. माझ्या सुनंला कशाला उगं तरास?