विज्ञान-चित्रकथा : ब्रिटिश आणि मराठी

विज्ञानाच्या आधाराने रचलेली आणि चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली कथा म्हणजे विज्ञान-चित्रकथा. ब्रिटनमध्ये ती वृत्तपत्रांतील रोजच्या चित्रमालिकांतून आणि मुलांच्या साप्ताहिकांतून वाढली. महाराष्ट्रात चित्रकथाही रुजली आणि विज्ञानकथाही. दोघींचा मेळ मात्र जमला नाही.

‘डेली मिरर’मध्ये २४ जुलै १९४३ रोजी सुरू झालेला ‘गार्थ’ हा या परंपरेतील जुना नायक. त्याचे निर्माते स्टीव्ह डाउलिंग आणि गॉर्डन बोशेल. परंपरेचा खरा पाया घातला तो ‘ईगल’ने. साउथपोर्टचे पाद्री मार्कस मॉरिस यांनी १४ एप्रिल १९५० रोजी हे साप्ताहिक काढले आणि पहिल्याच अंकाच्या सुमारे ९ लाख प्रती खपल्या. मुखपृष्ठावर होता फ्रँक हॅम्पसनचा अंतराळवीर डॅन डेअर. त्याचा वैरी मेकॉन हा शुक्रावरचा, हिरव्या अंगाचा आणि अवाढव्य डोक्याचा. हॅम्पसनची कामाची रीत पाहण्यासारखी होती. एका जुन्या बेकरीत त्याचा स्टुडिओ थाटलेला. यानांचे नमुने तिथे हाताने घडवले जात. सहकारी पात्रांच्या वेशात उभे राहत, त्यांची छायाचित्रे निघत आणि मग चौकट रेखाटली जाई. सर ह्यूबर्ट गेस्ट या पात्रासाठी तर हॅम्पसनचे वडीलच उभे राहिले. आरंभी विज्ञानाच्या बाजूने सल्ला द्यायला आर्थर सी. क्लार्क होते. एवढे रक्त आटवूनही डॅन डेअरचे हक्क हॅम्पसनला मिळाले नाहीत, हा त्याच्यावर झालेला मोठा अन्याय. १९७५ मध्ये इटलीतील लुका येथे त्याचा गौरव झाला, पण तोवर फार उशीर झाला होता.

सिडनी जॉर्डनचा ‘जेफ हॉक’ मोठ्या वाचकांसाठी होता. १९५९ च्या एका कथेत त्याने माणूस चंद्रावर उतरण्याची तारीख ४ ऑगस्ट १९६९ अशी दिली; प्रत्यक्षाशी फरक पडला अवघ्या दोन आठवड्यांचा. पुढे पॅट मिल्स यांच्या पुढाकाराने २६ फेब्रुवारी १९७७ रोजी ‘२००० एडी’ हे साप्ताहिक निघाले. त्याच्या दुसऱ्या अंकात जॉन वॅग्नर आणि कार्लोस एस्केरा यांचा जज ड्रेड अवतरला. डॅन डेअरच्या जगातला आशावाद इथे संपला.

मुंबईत बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. त्याच्या उभारणीत अनंत पै यांचा वाटा होता. वेताळ आणि मँड्रेक मराठी घरांत शिरले ते इथूनच. अमेरिकन फ्लॅश गॉर्डन आणि पुढे ब्रिटिश गार्थही या मालेत आले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला. तो अस्सल भारतीय, पण त्याची झुंज डाकूंशी. १९९० मध्ये माला बंद पडली.

याच मुंबईत १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिच्या स्पर्धांतून विज्ञानकथा बहरली. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि ती पहिली आली. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी ही वाट रुंद केली. तोवर भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिलेलाच होता.

म्हणजे कथांची वाण नव्हती, चित्रकारांचीही नव्हती. लेखक आणि चित्रकार यांना नेमाने एकत्र बसवणारे ‘ईगल’सारखे साप्ताहिक तेवढे नव्हते. अशी जोडी जमली की काय होते हे १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये आलेल्या चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’ने दाखवले. विज्ञानकथेच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

इंद्रजालचे जुने मराठी अंक कुणाच्या माळ्यावर असतील, तर ते रद्दीत घालू नयेत. गावोगावच्या वाचनालयांनीही ते मागून घेऊन बांधून ठेवावेत.